दुधीच्या फुलापाशी कोण येते?

मधाविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. रोज एक चमचा घ्यावा का? कोमट पाण्यातून घ्यावा की नुसता? मधुमेह असेल तर चालतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. मध म्हणजे बहुतांशी साखरच. मधुमेह असणाऱ्यांनी तो औषध समजून घेऊ नये. परंतु या पत्रांच्या निमित्ताने एक विचार मनात घोळत राहिला. मधमाशीचे आपल्यावरचे मोठे उपकार मधाच्या बरणीत नाहीत, ते जेवणाच्या ताटात आहेत.

आज दुपारचे आपले ताट आठवून पाहा. भात, पोळी, भाकरी यांना कीटकाची गरज नसते. तांदूळ आणि गहू स्वतःच्याच परागावर दाणा धरतात, मक्याचे काम वारा करतो. केळे तर परागाविनाच धरते. मात्र दुधी, दोडका, काकडी, लाल भोपळा, म्हणजे पचायला हलक्या म्हणून आपण वडीलधाऱ्यांना आवर्जून वाढतो त्या भाज्या, यांची गोष्ट निराळी आहे. यांच्या वेलावर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे. एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचवावा लागतो. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याच्याकडे पतंग येतात. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते, मधमाश्यांची वाट पाहते आणि दुपारच्या आत मिटून जाते. कांद्याच्या गड्ड्याला माशी लागत नाही, पण पुढच्या वर्षीचे बी हवे असेल तर लागतेच.

जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिके कमी-अधिक प्रमाणात अशा प्राण्यांवर अवलंबून आहेत, असे 2007 साली संशोधकांनी दाखवून दिले. वजनाने पाहिले तर या पिकांचा वाटा एकूण उत्पादनाच्या सुमारे 35 टक्के भरतो. म्हणजे उद्या सगळे परागवाहक नाहीसे झाले तरी जगाचे पोट बहुधा भरेल. पण नुसत्या भात-पोळीने भरलेले पोट आणि पोसलेले शरीर यांतला फरक, वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2015 साली 156 देशांचा असा हिशेब प्रसिद्ध केला. परागवाहक संपूर्ण नाहीसे झाले तर जगातला फळांचा पुरवठा सुमारे 23 टक्क्यांनी, भाज्यांचा 16 टक्क्यांनी, तर कठीण कवचाची फळे व बियांचा 22 टक्क्यांनी घटेल. आणि त्यामुळे वाढणाऱ्या असंसर्गजन्य व कुपोषणाशी निगडित आजारांनी दरवर्षी सुमारे 14 लाख अधिक माणसे दगावतील. जीवनसत्त्व ‘अ’ आणि फोलेट यांचा तुटवडा हे त्यातले मोठे दुखणे.

आपण रात्री भिजत घालतो ते बदाम पाहा. जगातले बहुतेक बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात. तिथे दर फेब्रुवारीत बागा फुलल्या की अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून मधमाश्यांच्या 10 लाखांहून अधिक पेट्या मालमोटारींनी आणाव्या लागतात. बिस्किटातल्या पामतेलाची कथा मला त्याहून मजेदार वाटते. मलेशियात तेलताडाची झाडे पश्चिम आफ्रिकेतून आणली, पण त्यांचा सोबती कीटक मागेच राहिला. मग वर्षानुवर्षे मजूर हाताने परागीभवन करीत राहिले. 1981 साली कॅमेरूनमधला एक चिमुकला सोंडकिडा, धान्यातल्या सोंडकिड्याचा लांबचा भाऊबंदच, तिथे सोडला गेला; फळधारणा वाढली आणि ती मजुरी संपली.

भाजी महाग झाली की घरात पहिली कात्री कोणाच्या ताटाला लागते, हे आपण प्रामाणिकपणे पाहावे. बहुधा ज्यांना भूक कमी त्यांच्याच. ‘आजींना वरणभात पुरतो’, असे आपण सहज म्हणून जातो, आणि आजीही ‘मला काही नको’ म्हणून त्याला दुजोरा देतात.

आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात वडिलांनी गच्चीवर लाल भोपळ्याचा वेल लावला. त्यांचे वय तेव्हा 82. वेल फोफावला, फुले आली, पण बोराएवढी फळे पिवळी पडून गळू लागली. वडिलांनी शेणखत घातले, पाणी वाढवले, मलाही बोल लावले. शेवटी आमच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “काका, इथं वर माशीच येत नाही. तुम्हीच माशी व्हा.”

पहाटे चारला जाग येऊन छताकडे पाहत पडून राहणारे वडील त्या दिवसापासून सहाला गच्चीवर जाऊ लागले. मागोमाग मी, जिन्यावर त्यांचा तोल जाऊ नये म्हणून. ज्या फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो ते मादीफूल. नरफूल खुडायचे, पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यावर सगळीकडून अलगद फिरवायचा. चष्मा नाकावर सरकवून ते हे काम इतक्या निगुतीने करीत की चहा थंड होई.

तीन भोपळे धरले. एक वाकडा निघाला. त्याच्या एका बाजूला पराग पुरेसा पोहोचला नसावा. सर्वांत चांगला वडिलांनी भाजीवाल्या मावशींना नेऊन दिला. वाकड्याची भाजी आम्ही घरी केली, आणि त्या दिवशी त्यांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली.