कसब्यातील दंतकथा आणि मांडणीची जबाबदारी

स्केचबुक मांडीवर घेऊन कसब्यातील एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर बसलेला कलाशाळेचा विद्यार्थी हे दृश्य पुण्याला नवे नाही. येथील चौकटी, महिरपी, कुंभारवाड्यातील चाके आणि नदीकाठचे घाट यांवर कित्येक पिढ्यांनी आपला हात तयार केला. नवे आहे ते एवढेच की, आजचा विद्यार्थी वाड्याचे चित्र काढून थांबत नाही. तो वाड्यातील वृद्धांना प्रश्न विचारतो, त्यांच्या तोंडच्या गोष्टी टिपून घेतो, माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ खाली उतरवावयास लावतो आणि वर्षअखेरीस चित्र, वस्तू व गोष्ट यांची एकत्र मांडणी करून ती परीक्षकांपुढे ठेवतो. या मांडणीला 'क्युरेशन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. या नव्या ओढीचे स्वागत करावयास हवे; परंतु डोळे मिटून नव्हे.

शब्द परका असला तरी गोष्ट परकी नाही. १८९३ पासून सार्वजनिक उत्सव करणाऱ्या आणि विसर्जनात पहिला मान असलेल्या कसबा गणपतीच्या या पेठेला 'देखावा' म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. कोणता प्रसंग निवडावयाचा, कोणती मूर्ती पुढे आणि कोणती मागे, प्रकाश कोणावर आणि निवेदन कोणाच्या आवाजात, हे सारे निर्णय मांडवात घेतले जातात; कलादालनातील क्युरेटर याहून निराळे काय करतो? शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी तुळशीबाग मंडळासाठी वर्षानुवर्षे उभारलेले देखावे ज्यांनी रांगेत उभे राहून पाहिले, त्यांना मांडणीची ताकद वेगळी सांगावी लागणार नाही. आपल्या कलाशाळांनी मात्र देखाव्याला 'कला' म्हणावे की नाही या संकोचातच बराच काळ घालविला. मांडवात रात्र रात्र राबणारे हात पुष्कळदा याच विद्यार्थ्यांचे असतात; सकाळी वर्गात आल्यावर ते रात्रीचे काम लपवितात. हा संकोच गेला तर एक मोठी शाळा फुकट मिळेल.

आता दंतकथांकडे वळू. कसबा हे पुण्याचे मूळ गाव, आणि मूळ गावाच्या वाट्याला दंतकथाही जास्त येतात. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने सतराव्या शतकाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले, गाढवाचा नांगर फिरविला, पहार ठोकून तिला फाटके पायताण बांधले. पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीच्या हातून त्याच भूमीवर सोन्याचा नांगर फिरविला, असे परंपरा सांगते. दहा मिनिटांच्या अंतरावर शनिवारवाडा. ससा कुत्र्यांचा पाठलाग करीत असल्याचे बाजीरावांनी पाहिले म्हणून त्या जागी वाडा बांधला ही एक कथा. आणि 'काका, मला वाचवा' ही दुसरी, जिने पहिलीला केव्हाच झाकून टाकले. या दोन ठिकाणांनी मराठी भाषेला 'गाढवाचा नांगर फिरविणे' आणि 'ध चा मा करणे' असे दोन वाक्प्रचार दिले. ज्या कथेचा वाक्प्रचार होतो ती कथा खरी की खोटी हा प्रश्न तिच्या प्रभावापुरता गौण ठरतो. लोक ती बोलतात, म्हणजे तिच्यातून जगाकडे पाहतात.

तथापि गौण म्हणजे निरर्थक नव्हे. 'ध चा मा' याच कथेचे पाहा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला, हा इतिहास. आनंदीबाईने पत्रातील 'धरावे'चे 'मारावे' केले, ही आख्यायिका. आज शाळकरी मुलगा ही कथा ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर देवनागरी अक्षरे असतात. परंतु तेव्हाचा कारकुनी पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडीतला 'ध' कसा, 'मा' कसा, बोरूच्या एका फटकाऱ्याने एकाचे दुसरे होऊ शकते काय, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याइतकाच सुलेखन शिकणाऱ्या कलाविद्यार्थ्याचा आहे. किंबहुना त्याचाच अधिक आहे. ही दोन अक्षरे बोरूने हातकागदावर पुन्हा पुन्हा लिहून भिंतीवर लावली, तर ते एक उत्तम प्रदर्शन होईल. आणि कागदासाठी लांब जावयाचे कारण नाही, याच पेठेतील कागदीपुऱ्याचे नावच तेथील जुन्या धंद्याची आठवण देते.

भुयाराची गोष्ट अशीच. जुन्या पुण्यात ज्याला विचारावे तो सांगतो की, आमच्या वाड्यातून शनिवारवाड्यापर्यंत, नाहीतर थेट पर्वतीपर्यंत भुयार होते, आता बुजविले. प्रत्येक वाड्याला भुयार असते तर पेठेला जमीनच उरली नसती! परंतु हसून ही गोष्ट सोडून देणारा विद्यार्थी चूक करील. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शहरात जमिनीखालून पाणी आणले गेले. माणूस आत उतरू शकेल अशा त्या बांधीव नळातून वाड्यावाड्यांच्या हौदांना पाणी मिळे. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असता जमिनीखालील जुने बांधीव जलमार्ग सापडले, तेव्हा शहराला त्याची पुन्हा आठवण झाली. आजीने सांगितलेले भुयार बहुधा शत्रूपासून पळण्याचे नव्हते, पाण्याचे होते. दंतकथेच्या पोटात बहुतेक वेळा असे एखादे सार्वजनिक बांधकाम, दुष्काळ, नाहीतर कर दडलेला असतो. (२०२४ च्या सप्टेंबरअखेरपासून कसबा पेठ नावाचे भुयारी स्थानक सुरू झाले आहे, तेव्हा पेठेला आता एक निर्विवाद भुयार मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.)

मांडणीचा धडा घ्यावयाचा तर तोही जवळच, शुक्रवार पेठेत, मिळतो. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावे संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. त्यांनी काय जमविले? अडकित्ते, दौती, दिवे, वज्री, पानाचे डबे, कुलपे. म्हणजे ज्या वस्तू घरातील बायका मोडीत घालून नवे भांडे घेत, त्याच. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजारच तेथे मांडलेल्या असतात. आठांत एक! उरलेल्या सात का मागे राहतात, हा प्रश्न घेऊन जो विद्यार्थी त्या दालनांतून फिरेल, त्याला मांडणी म्हणजे सजावट नसून निवड आहे, हे उमजेल. आणि निवड म्हटली की जबाबदारी आली.

ही जबाबदारी किती जड असते याचे एक परदेशी उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे फ्रेड विल्सन या कलावंताने तेथील ऐतिहासिक संस्थेच्याच संग्रहातील वस्तू नव्याने मांडल्या. नक्षीदार चांदीच्या भांड्यांच्या कपाटात त्याने गुलामांच्या पायांतील बेड्या ठेवल्या आणि सगळ्यांवर मिळून 'धातुकाम' अशी एकच पाटी लावली. एकही नवी वस्तू न घडविता, केवळ शेजार बदलून त्याने पाहणाऱ्याची झोप उडविली.

परंतु बाल्टिमोरला जाण्याची तरी काय गरज? कसब्याने हे स्वतः अनुभवले आहे. मूळ लाल महाल केव्हाच नामशेष झाला. आज दिसतो तो महापालिकेने १९८० च्या दशकात उभारलेला. तेथे जिजाबाई, बाल शिवाजी आणि दादोजी कोंडदेव यांचे, सोन्याच्या नांगराचा प्रसंग दाखविणारे समूहशिल्प होते. शिवरायांच्या घडणीत दादोजींचे स्थान कोणते यावर कडाक्याचा वाद झाला आणि डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने दादोजींचा पुतळा तेथून हलविला. शहरात निदर्शने झाली, सभागृहात गोंधळ झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे प्रश्न नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, शिल्पातील तिसरी आकृती असावी की नसावी, एवढ्यावर शहर पेटू शकते. सोन्याच्या नांगराची परंपरा शिल्परूपाने उभी करताना, ही परंपरा आहे, तिला आधार अमुक आणि त्यावर मतभेद तमुक, असे सांगणारी ठळक पाटी शेजारी असती तर वाद टळला असता असे नाही. पण तो काहीसा अभ्यासाच्या पातळीवर आला असता. नदीकाठच्या थोरल्या व धाकट्या शेखसल्ल्यांच्या दर्ग्यांभोवतीच्या कथा तर आजही वादाचा विषय आहेत. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यांना हात घालू नये असे म्हणणे भेकडपणाचे होईल. मात्र 'लोक म्हणतात' आणि 'घडले' या दोन शब्दप्रयोगांतील अंतर त्याला कोणी शिकविले आहे काय, हे त्याच्या प्राध्यापकांनी स्वतःला विचारावे. एका बाजूच्या कथेला भिंत आणि दुसरीला कोपरा देणारी मांडणी ही कला नव्हे, प्रचार होय.

याहून निराळा, आणि अधिक नित्याचा, धोका बाजाराचा आहे. अमावास्येला शनिवारवाड्यात किंकाळी ऐकू येते, या एका वाक्यावर किती चित्रफिती निघाल्या याची गणती नाही. वस्तुतः सूर्यास्तानंतर वाडा बंद होतो. अठराव्या वर्षी मारल्या गेलेल्या तरुणाचे भूत विकणे सोपे आहे. रामशास्त्र्यांनी सत्ताधीशाला दोषी ठरविले, ही त्याच प्रकरणातील दुसरी परंपरा विकणे अवघड. जो विद्यार्थी भुताचे चित्र काढील त्याला प्रेक्षक मिळतील. जो न्यायाधीशाचे काढील त्याला गुण तरी मिळावेत, एवढी अपेक्षा परीक्षकांकडून करता येईल.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर दंतकथा ही कोणाच्याच मालकीची नसलेली संपत्ती आहे. एकाने सांगितल्याने दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, उलट वाढते. परंतु ज्या घरात, ज्या आळीत ती राहते ते घर आणि ती आळी यांना खर्च येतो, आणि तो खर्च कथेवर कमावणारा देत नाही. कसब्यातील वाड्यांची स्थिती या दृष्टीने पाहावी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली; १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मुळातील रक्कमच इतकी क्षुल्लक की, त्या वाढीतून कौल बदलणेही होत नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला सोडवत नाही, आणि शेवटी दोघेही इमारत बांधणाऱ्याची वाट पाहत बसतात. त्यांना दोष कोणी द्यावा? तुळईला वाळवी लागलेल्या घरात राहून वारसा जपा, असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतः पक्क्या इमारतीत राहतात.

तांबट आळीची कथा तीच. पेशव्यांच्या आश्रयाने येथे आलेले त्वष्टा कासार बंब, हंडे, कळश्या, तपेली घडवीत, मठारीत. त्या ठोक्यांची लय हीच आळीची ओळख. स्टेनलेस स्टील आले, स्वयंपाकघरात गॅस आणि न्हाणीघरात गीझर आला, आणि बंब अडगळीत गेला. अलीकडे तांब्याच्या भांड्यांना पुन्हा गिऱ्हाईक लाभले आहे हे खरे. परंतु कारागिराच्या मुलाने तो हातोडा हाती घ्यावा इतकी मजुरी त्याला मिळते काय? कलाविद्यार्थी त्या ठोक्यांचा आवाज मुद्रित करून दालनात ऐकवितो, प्रेक्षक हेलावतात, निवेदनात 'लोप पावत चाललेली परंपरा' असे शब्द येतात. घडविणाऱ्याचे नाव मात्र पाटीवर नसते. असलेच तर 'स्थानिक कारागीर'. चित्राखाली स्वतःचे नाव घालण्यास न विसरणाऱ्या विद्यार्थ्याने घंगाळाखालीही एक नाव घालावे. ज्याचे दोन दिवस त्याच्या प्रकल्पासाठी गेले त्याला त्या दोन दिवसांची मजुरी द्यावी, आणि ती कलाशाळेने आपल्या साहित्याच्या खर्चात धरावी. रंग विकत घेतो, कॅनव्हास विकत घेतो. मग माणसाचा वेळच तेवढा उसना का?

आणखी एक. या प्रदर्शनांची जागा कसबाच असावयास हवी. कला संचालनालयातर्फे भरणाऱ्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग असतो. तेथे काम लागणे मानाचे आहे, आणि ते लागावेच. परंतु ज्या आजीने भुयाराची गोष्ट सांगितली ती तेथे जाणार नाही. महापालिकेच्या शाळांचे वर्ग उन्हाळ्याच्या सुटीत रिकामे असतात; भिंती आहेत, फळे आहेत, वीज आहे. गणेशोत्सवाचा मांडव तर दहा दिवस हजारोंच्या वाटेवर उभाच असतो. एखाद्या मंडळाने एक वर्ष पौराणिक देखाव्याऐवजी आपल्याच आळीचा देखावा करावयाचे ठरविले आणि त्याची मांडणी कलाशाळेच्या शेवटच्या वर्गाकडे सोपविली, तर वर्गणी तेवढीच लागेल. पाट्यांवर काय लिहिले आहे हे तपासावयास परीक्षकांची वाट पाहावी लागणार नाही. कसब्यातील माणूस आपल्या आजोबांच्या नावातील चूक भर रांगेत, मोठ्या आवाजात, दाखवून देईल.