घराची शोभा आणि कापडाचा हिशेब

दिवाळी किंवा घरातील मंगलकार्य जवळ आले की दिवाणखान्याच्या सजावटीचा विषय निघतो. जरीचे पडदे, ब्रोकेडचे अभ्रे, मखमली लोड-तक्के यांचे नमुने दुकानात मन मोहून घेतात. व्यापारी कुटुंबासाठी हा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण नेमक्या सणासुदीलाच माल भरण्यास रोकड लागते. पडद्यांत गुंतलेल्या रकमेमुळे ऐन हंगामात कर्ज काढावे लागले, तर त्या शोभेवर व्याजही चढते.

म्हणून उंची कापड वर्ज्य करावे असे नाही. ते कोठे वापरावे, एवढे ठरवावे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरू विणकरांनी हेच केले. किनखाबात रेशीम व जर यांचा मुक्त वापर असे. हिमरूमध्ये उभे धागे सुती ठेवून आडव्या रेशमी धाग्यांनी नक्षी उमटवली जाई. शोभा टिकली आणि खर्च उतरला.

घरातही हे साधते. समजा, खिडकीचा दांडा सहा फूट लांब आहे. चुण्या नीट पडण्यासाठी दुप्पट रुंदी, म्हणजे १४४ इंच कापड लागते; ४८ इंची पन्ह्याचे तीन पट्टे. दुमडीसह उंची आठ फूट धरल्यास एकूण साडेसात मीटर. १,२०० रुपये मीटरचे ब्रोकेड घेतल्यास ९,००० रुपये होतात. त्याऐवजी २०० रुपये मीटरचे जाड सुती कापड घेऊन तळाशी ब्रोकेडची नऊ इंची किनार लावावी. सुती कापडाचे १,५०० आणि एक मीटर ब्रोकेडचे १,२००, असे २,७०० रुपये पुरतात. शिलाई दोन्हीकडे वेगळी.

अभ्र्यांचेही तसेच. सोळा इंची उशीची केवळ दर्शनी बाजू ब्रोकेडची आणि मागील बाजू सुती ठेवली, तर एका मीटरात चार अभ्रे होतात. थानाच्या शेवटी उरलेले तुकडे दुकानदार बहुधा सवलतीत देतात. अशा कामासाठी ते पुरेसे असतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे. अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आखडते आणि किनारीला सुरकुत्या पडतात. उन्हाच्या खिडकीवर अस्तर अवश्य लावावे, कारण उन्हाने रंग उडतो आणि धागा कमकुवत होतो. अस्तराचा खर्च पडद्याचे आयुष्य वाढवतो.

रेशीम काढताना कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारला जातो, म्हणून अनेक जैन घरांत ते वर्ज्य मानले जाते. अशा कुटुंबांना मर्सराइज्ड सुताचे किंवा व्हिस्कोसचे नक्षीदार कापड घेता येते. खरेदीपूर्वी धागा कशाचा, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचे माप आणि खर्चाची मर्यादा वहीत लिहिलेली असावी. घरात अशा चार खिडक्या असल्या, तर वरील दोन पद्धतींतील फरक २५,२०० रुपयांचा होतो. तेवढी रक्कम हंगामाच्या मालात राहिली, तर घरही सजते आणि दुकानही.