गोठवलेलं खातं

'गॅमा नाइफ' या नावात सुरी आहे, उपचारात नाही. स्टॉकहोमचे लार्स लेक्सेल यांनी १९५१मध्ये ही कल्पना मांडली. कोबाल्टचे जवळपास दोनशे किरण मेंदूतल्या एका ठिकाणी एकवटतात. टाके नाहीत, रक्त नाही.

पत्नीच्या कानाच्या नसेवर गाठ निघाली, तेव्हा एवढंच ऐकून आम्ही निर्धास्त झालो. डोक्याला चौकट बसवताना भुलेच्या सुया टोचल्या, तेवढाच त्रास. दुसऱ्या दिवशी ती घरी होती. सहा महिन्यांनी एमआरआय काढला, तर गाठ किंचित मोठी! घरात सुतकी कळा पसरली. किरणांनंतर गाठ काही काळ सुजू शकते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

बँकेच्या भाषेत, इथे खातं गोठवतात. बंद होईलच असं नाही. गाठ वाढायची थांबली, की उपचार यशस्वी. गेलेलं ऐकू येणं बहुधा परतत नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता असेल, तर तो मिटायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो.

कर्जदाराची सही घेण्याआधी मी अटी वाचून दाखवत असे. डॉक्टरांनीही रुग्णाला हे आधीच, त्याच्या भाषेत सांगावं. पत्नीची गाठ आजही आहे, तेवढीच. आता आम्हाला तिची धास्ती वाटत नाही.