मैत्री, कलमाबरहुकूम

शेजाऱ्याच्या घरात चोर शिरला तर काठी घेऊन धावायचं, की आपलं दार लावून घ्यायचं? ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी याचं उत्तर लिहून ठेवलं. ‘नाटो’ कराराचं पाचवं कलम सांगतं, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा. कलम नीट वाचलं की गंमत कळते : मदत करायचीच, पण प्रत्येकाने स्वतःला आवश्यक वाटेल तेवढी. सैन्य पाठवलंच पाहिजे, असं बंधन नाही. आजवर ते एकदाच लागू झालं, २००१मध्ये, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर.

रशियाने २०२२मध्ये युक्रेनवर चढाई केली आणि फिनलंड व स्वीडनने लष्करी गटांपासून दूर राहण्याचं जुनं धोरण सोडून या कराराचा आसरा घेतला. सदस्य आता ३२ झालेत. हा विषय आम्ही घेतला तो त्यामुळे.

आपला काय संबंध, असं निदान गोव्याच्या वाचकांनी तरी म्हणू नये! पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, आणि गोवा त्याच्याच ताब्यात होता. तरी डिसेंबर १९६१मध्ये भारतीय फौजा गोव्यात उतरल्या, तेव्हा पोर्तुगालच्या मित्रांवर धावून येण्याची सक्ती नव्हती. सहाव्या कलमाने आखलेल्या हद्दीत गोवा बसतच नव्हता.

या अंकात रणगाड्यांची मोजदाद फारशी सापडणार नाही. आम्ही शब्दांकडे, त्यांतल्या पळवाटांकडे पाहिलं आहे. भारताने अशा करारांपासून दूर राहावं का, यावर आमच्यातच एकमत नाही. तुमचं मत जरूर कळवा. विरोधातली पत्रं आधी छापू.