सांदीकोपऱ्यांची झिलई

मोटारीच्या छपरास आणि बॉनेटास चकाकी आणणे हे फारसे अवघड काम नव्हे. पत्रा सपाट आणि मोकळा असतो. त्यावर मोठे यंत्र फिरवणारा कारागीर कोणत्याही शहरात मिळतो. खरी परीक्षा होते ती दाराच्या मुठीमागील वाटीत, आरशाच्या कवचावर, दोन काचांमधील अरुंद खांबावर, बंपरच्या वळणावर आणि नंबरपाटीच्या खोबणीत. घरातील मंडळींच्या अंगठ्यांचे, बांगड्यांचे, नखांचे ओरखडे नेमके मुठीमागच्या त्या वाटीत उठतात आणि मोठ्या यंत्राची सहा इंची गादी तेथे शिरत नाही. गाडी दुरून आरशासारखी दिसते. दार उघडावयास हात पुढे केला की तिचे वय कळते.

या कोपऱ्यांसाठी तीन इंची, दोन इंची आणि त्याहूनही लहान गादीची यंत्रे आता आपल्याकडे सहज मिळू लागली आहेत. त्यांतील कोणते घ्यावे, अशी पृच्छा या सदराच्या काही वाचकांनी केली आहे. यंत्र लहान म्हणजे धोका कमी, अशी एक समजूत त्यांच्या पत्रांतून डोकावते. प्रत्यक्षात गोष्ट बरोबर उलट आहे, आणि ती का हे समजल्यावाचून दुकानात पाऊल टाकू नये.

प्रथम पत्र्यावरील थरांकडे पाहू. आजच्या बहुतेक मोटारींवर गंजरोधक थर, अस्तर, रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर अशी रचना असते. या साऱ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. या हिशेबात वरच्या पारदर्शक थराच्या वाट्यास केवळ ४० ते ५० मायक्रॉन येतात. चकाकी तीच देते, उन्हाचा मारा तीच सोसते, आणि पॉलिश करताना झिजते तेही तीच. ओरखडा ‘भरून येत’ नाही. त्याच्या भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत खरवडून खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. सौम्य पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो. कडक कंपाउंड आणि लोकरीची गादी यांनी चार-पाच किंवा त्याहून अधिक. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्यास हाक मारता येते. हा थर गेला तर सारा भाग पुन्हा रंगवून घ्यावा लागतो. नवी छटा शेजारच्या दाराशी तंतोतंत जुळेलच असे नसते, आणि पुढेमागे गाडी विकावयास काढली की गिऱ्हाईक ‘अपघात झाला होता का’ म्हणून विचारतेच.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीस ही काळजी नव्हती. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली मोटारींसाठी ‘ड्यूको’ नावाचे लवकर वाळणारे रोगण आणले आणि ते नाव आपल्याकडे इतके रुळले की मोटारीच्या कोणत्याही रंगास लोक ड्यूकोच म्हणू लागले. जुन्या अ‍ॅम्बॅसडर वा फियाटवर रंग आणि चकाकी एकाच थरात असे. दिवाळीपूर्वी ‘रबिंग’ करून घेतले की फडक्यास गाडीचा रंग लागे, खालचा ताजा रंग वर येई आणि सर्वांस समाधान वाटे. ती सवय गाड्या बदलल्या तरी टिकून राहिली आहे. सर्व्हिसिंगबरोबर दर सहा महिन्यांनी ‘फुकट रबिंग’ देऊ करणारे आजही भेटतात. त्यांस नम्रपणे नकार द्यावा. पंचेचाळीस मायक्रॉनच्या शिल्लकीतून दर खेपेस चार-पाच मायक्रॉन उचलले तर खाते किती वर्षांत रिकामे होईल, हा हिशेब शाळकरी मूलही मांडील.

आता लहान गादीचे गणित. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरच्या गादीचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर असते; ७५ मिलिमीटरच्या गादीचे अवघे ४४. व्यास निम्मा झाला, क्षेत्र मात्र चतुर्थांश झाले. हाताचा जोर तोच ठेवला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चौपट दाब पडतो. पन्नास मिलिमीटरच्या गादीत क्षेत्र नवमांश होते आणि दाब नऊपट. शिवाय घर्षणाची उष्णता लहानशा जागी कोंडते. दुसऱ्या बाजूने, फेऱ्या तितक्याच असल्या तरी लहान गादीची कड अर्ध्याच वेगाने धावते. त्यामुळे ‘हे काही कापत नाही’ असे वाटून नवखा मनुष्य वेग वाढवतो आणि वर जोरही लावतो. कोपरा जळतो तो असा. त्यातही कोपरे, कडा आणि पत्र्याच्या धारदार घड्या येथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. लहान यंत्र जेथे न्यावयाचे तेथेच शिल्लक सर्वांत कमी, असा हा पेच आहे.

यंत्रे मुख्यतः दोन जातींची. पहिल्या जातीत गादी एकाच आसाभोवती गरगर फिरते; बाजारात तिला ‘रोटरी’ म्हणतात. ती भरभर कापते, पण उष्णताही तितकीच निर्माण करते, आणि नवख्याच्या हातून पत्र्यावर उन्हात दिसणारी तेलकट वर्तुळे सोडते. दुसऱ्या जातीत गादी स्वतःभोवती फिरता फिरता एका लहान वर्तुळातही हिंडते, जशी पृथ्वी फिरते तशी. तिला दुकानदार ‘डीए’ या दोन अक्षरांनी ओळखतात. या हिंडण्याच्या वर्तुळाचा व्यास यंत्रावर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो: ३, ८, १२, १५, २१ असा. तीन इंची गादीस १२ मिलिमीटरचे यंत्र पुष्कळ काम उरकते. दोन इंची वा त्याहून लहान गादीस ३ मिलिमीटरचे बरे; ते हळू कापते, परंतु बोटाएवढ्या पट्टीवरही ताब्यात राहते. काही लहान यंत्रांत आस बदलून तिन्ही प्रकार करता येतात. ती सोय उत्तम आहे, पण किंमत पाहता ज्याचा हा व्यवसाय आहे त्यासच ती परवडावी.

‘डीए’ची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. वळणावर गादी तिरकी दाबली गेली की तिचे स्वतःभोवतीचे फिरणे थांबते आणि ती नुसती थरथरत राहते. आवाज चालू असतो, काम होत नाही. यावर कारागीर एक साधी युक्ती करतात. गादीमागच्या तबकडीच्या कडेवर जाड काळ्या शाईने एक रेघ मारावी. रेघ फिरताना दिसली तर गादी फिरते आहे. एका जागी थरथरताना दिसली तर जोर कमी करावा वा यंत्र सपाट धरावे. काही यंत्रांत दंतचक्रांमुळे गादीस सक्तीने फिरावेच लागते. ती वळणावर थांबत नाहीत, परंतु नवख्या हातात ओढ घेतात.

काटकसरीचे दोन मार्ग वाचकांनी सुचविले आहेत. त्यांविषयी स्पष्ट लिहितो. मोठ्या ‘डीए’ यंत्रास लहान तबकडी लावावी हा पहिला. अशा यंत्रातील तोलाचे वजन ठरावीक आकाराच्या तबकडीसाठी बेतलेले असते. लहान तबकडी लावली की तोल बिघडतो, हात बधिर होतो, आणि १५ मिलिमीटर हिंडणारी गादी अरुंद खोबणीत कडांवर आदळत राहते. ज्या यंत्राचा निर्माता तशी जोडणी आणि तिचे वेगळे वजन स्वतः पुरवितो, तेथेच हा मार्ग धरावा. दुसरा मार्ग घरातील चार इंची ग्राइंडरला गादी लावण्याचा. हा सर्वस्वी वर्ज्य समजावा. ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेऱ्या घेतो. पॉलिशची रोटरी यंत्रे साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांत काम करतात. ग्राइंडरखाली पारदर्शक थर काही क्षणांत जातो, आणि गादी सुटून तोंडावर येण्याचा धोका वेगळाच. त्या मानाने वेग कमी-जास्त करता येणारे ड्रिल बरे. हलक्या वेगाने दोन इंची गादी त्यावर चालते. तरीही ते रोटरीच होय आणि पॉलिशसाठी धरावयास अवघडही. हात बसलेल्या माणसानेच त्याच्या वाटेस जावे.

गादी निवडताना रंगावर विसंबू नये. एका कंपनीची नारिंगी गादी कडक, तर दुसरीची मऊ असू शकते. रंगांचा असा सर्वमान्य नियम नाही. बोटांनी दाबून पाहावे आणि वेष्टनावर ती कापण्यासाठी आहे की अखेरची झिलई देण्यासाठी ते वाचावे. लोकर आणि मायक्रोफायबर वेगाने कापतात व तापतातही वेगाने; लहान आकारात घरगुती वापरासाठी फोमची गादी पुरते. फार जाड फोम यंत्राची हालचाल स्वतःतच गिळून टाकतो, म्हणून लहान यंत्रास पातळ गादीच शोभते. गादी तबकडीहून सर्व बाजूंनी थोडी मोठी हवी. तबकडीची कठीण कड बाहेर राहिली तर ती शेजारच्या रंगास चरा पाडल्याशिवाय राहत नाही. तबकडीचा आटा यंत्राशी जुळतो का, हे दुकानातच फिरवून पाहावे: मोठ्या रोटरीवर बहुधा एम १४ आटा असतो, चार इंची ग्राइंडरवर एम १०, आणि लहान यंत्रांचे आपापले वेगळे. संख्येत कंजूषी करू नये. लहान गादी लवकर भरते आणि तापते. एका गाडीच्या कोपऱ्यांसाठी मध्यम प्रतीच्या चार व मऊ प्रतीच्या दोन गाद्या असाव्यात.

कामाची रीत थोडक्यात अशी. गाडी धुऊन, कोरडी करून, सावलीत थंड होऊ द्यावी. रबरी पट्ट्या आणि धारदार घड्यांवर चिकटपट्टी लावावी. सर्वांत मऊ गादी आणि सर्वांत सौम्य पॉलिश यांनी वीतभर जागेवर प्रयोग करून पाहावा. तेवढ्याने भागले तर कडक कंपाउंडची बाटली उघडूच नये. हरभऱ्याएवढे तीन ठिपके पुरतात. यंत्र टेकवून मग चालू करावे, आणि बोट संथपणे सरकावे तसे आडवे-उभे चार-पाच वेळा न्यावे. मधून मधून हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवावी; चटका बसू लागला की थांबावे. पदर, ओढणी, गळ्यातील साखळी यंत्रापासून दूर असावी, वायर खांद्यावरून मागे सोडावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

बंपर आणि काळ्या चकचकीत पट्ट्या यांना जपून हात लावावा. त्या प्लॅस्टिकच्या असतात. पत्र्याप्रमाणे उष्णता पसरवून देत नाहीत, जागच्या जागी तापतात. रंगाची जाडी मोजण्याचे साधे यंत्रही केवळ धातूवर चालते, प्लॅस्टिकवर नाही. तेव्हा तेथे किती शिल्लक आहे हे त्याने कळत नाही. पिवळ्या पडलेल्या दिव्यांच्या काचा लहान गादीने खरोखर स्वच्छ होतात. परंतु त्याही काच नसून पॉलिकार्बोनेट असते, आणि पॉलिशने तिच्यावरील ऊन अडवणारा थर निघून जातो. नंतर तसा लेप पुन्हा दिला नाही तर काही महिन्यांत त्या पूर्वीहून वाईट दिसू लागतात. विक्रेते हे आपण होऊन क्वचितच सांगतात.

काही डागांस यंत्राची गरजच नसते. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठसे आधी पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून पाहावेत आणि लगेच धुऊन टाकावेत. जो ओरखडा नखास अडकतो तो पारदर्शक थराच्या फार खोल, बहुधा पार गेलेला असतो. त्याच्या मागे लागून भोवतालचा भाग झिजवू नये. मुठीमागच्या वाटीतील बारीक ओरखडे तर फोमचा तुकडा बोटास गुंडाळून, मऊ पॉलिशने हातानेच पुष्कळ कमी होतात. घरी एकच गाडी असेल तर एवढ्यावरच भागवावे आणि यंत्राचे पैसे वाचवावेत, असे माझे मत आहे. दोन-तीन गाड्यांचे कुटुंब असेल किंवा कोणास या कामाची मनापासून हौस असेल, त्याने १२ मिलिमीटरचे, वेग बदलता येणारे, ७५ मिलिमीटर तबकडीचे ‘डीए’ घ्यावे. बॅटरीचे घेतल्यास दोन बॅटऱ्या घ्याव्यात. आणि रोज सकाळी कोरड्या, धुळीने भरलेल्या फडक्याने गाडी पुसणाऱ्या मुलास पाणी, साबण आणि स्वच्छ फडके द्यावे. निम्मे बारीक ओरखडे त्या कोरड्या फडक्याचेच असतात.

वापरलेल्या गाद्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, पिळे न घालता दाबून, तोंड खाली करून सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात टाकल्या तर मागील चिकटपट्टीचा गोंद सुटतो आणि पुढच्या खेपेस गादी भर वेगात तबकडीवरून निघते.