डोळे मिटून दूध पाजू नका



मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. आपल्याला कोणी पाहत नाही अशी त्या मांजरीची समजूत असते, असा तिचा अर्थ. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे, की खरे डोळे मिटलेले असतात ते दूध पाजणाऱ्याचे. असे का वाटते, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मी सहावीत असताना आमच्या घरी मांजरीचे एक पिल्लू आणले होते. त्याला आम्ही सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध आणि दुपारी दूधभात देत होतो. दोन दिवसांत त्याला हगवण लागली. अशक्तपणा आला म्हणून आम्ही आणखी दूध पाजले. पाचव्या दिवशी ते दगावले. ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते,’ असे घरात सगळे म्हणाले. आपण त्याला काय खाऊ घालत होतो, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

हा प्रश्न मला विचारला गेला तो पुष्कळ वर्षांनी. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या जिन्याखाली सापडलेले सहासात आठवड्यांचे एक पिल्लू मी घरात घेतले आणि जुन्या सवयीने त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार! सुदैवाने या वेळी मी त्याचे वजन करून ठेवले होते. पहिल्या दिवशी ४८० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ४४०. चाळीस ग्रॅम म्हणजे ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण हा त्याच्या वजनाचा बारावा हिस्सा झाला. तुमचे वजन ४८ किलो असेल आणि एका दिवसात त्यातले ४ किलो उतरले, तर घरची मंडळी तुम्हाला तातडीने दवाखान्यात नेणार नाहीत का? मीही पिल्लाला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता, ‘दूध पाजलेत ना?’

दुधाने असे काय होते? दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. हे विकर तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते, आणि मगच ते रक्तात शोषले जातात. आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लात हे विकर भरपूर असते. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लू आईचे दूध सोडू लागते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ते पुरते सुटते. तसतसे हे विकरही कमी होत जाते. मग न पचलेली साखर आतड्यात तशीच राहते आणि आपल्याकडे पाणी ओढून घेते. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात, वायू धरतो आणि जुलाब होतात.

साखर पाणी कसे ओढते, हे पाहायचे असेल तर रात्री चार मनुका पाण्यात टाकून ठेवा. सकाळी त्या टरारून फुगलेल्या दिसतील. मनुकेच्या आतल्या साखरेने सालीतून पाणी आत ओढलेले असते. आता त्याच फुगलेल्या मनुका साखरेच्या दाट पाकात टाका. त्या पुन्हा सुरकुततील, कारण आता जास्त साखर बाहेर आहे. पिल्लाच्या आतड्यात होते ते याच जातीचे.

‘पण आमच्या आजोळची मांजरे पिढ्यान्‌पिढ्या दूधच पितात, त्यांना कुठे काय होते?’ असे तुमच्यापैकी कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. काही मांजरांना थोडे दूध सोसते, हे खरे. शिवाय ती मांजरे उंदीर, पाली, पाखरे मारून पोट भरतात. दूध हा त्यांचा वरखाऊ असतो. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आजोळी तुम्हाला दिसतात ती जगलेली मांजरे. जी पिल्ले हगवणीने मेली ती परसात पुरली गेली आणि विसरली गेली. आमच्या घरचे ते पिल्लूही कोणाच्या हिशेबात नाही. उरलेल्यांकडे पाहून काढलेला निष्कर्ष अपुरा असतो. हे केवळ मांजरांपुरते नाही, ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींना ते लागू पडते.

दूध हे एकच कारण असते असेही समजू नका. नवी जागा, नवी माणसे आणि अचानक बदललेले अन्न यांनीही पिल्लाचे पोट बिघडते. जंत तर फार पिल्लांत असतात, कारण मांजरातले गोलकृमी आईच्या दुधातूनच पिल्लात उतरतात. पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणुजन्य रोगही हगवणीने आणि उलट्यांनी दिसू लागतो आणि लस न टोचलेल्या पिल्लांचा तो झपाट्याने बळी घेतो. कारण कोणते, हे घरबसल्या ठरवता येत नाही. म्हणूनच डॉक्टरीणबाईंनी विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात जंतांची अंडी होती. मग वजनावरून मोजून त्यांनी औषध दिले.

याउलट आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कोणती औषधे सुचवली होती? एकाने जायफळ उगाळून द्यायला सांगितले. दुसऱ्याने तापाची उरलेली गोळी पाव करून देऊ केली. तिसऱ्याने एक दिवस लंघन सांगितले. तिघांचाही हेतू चांगलाच होता. परंतु मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे! आपण तापावर घेतो ते पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते निरुपद्रवी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते आणि एका गोळीनेही त्याचा प्राण जाऊ शकतो. लंघन मोठ्या माणसाला सोसेल, पण पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. उपाशी राहिले की रक्तातली साखर उतरते आणि ते गळून पडते.

हगवणीत जीव जातो तो बहुतेक वेळा पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारो रुग्ण वाचवले. पाणी टिकवण्याचे हे तत्त्व पिल्लालाही लागू आहे, फक्त त्याच्यासाठी कोणते द्रावण आणि किती, हे पशुवैद्यांनी ठरवायचे. आपण स्वच्छ पाण्याची वाटी नेहमी जवळ ठेवावी, पण पाणी बळजबरीने घशात ओतू नये. ते फुप्फुसात जाते.

दुसरी काळजी उबेची. गणिताच्या तासाला करून पाहा: १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू २ सेंटिमीटर केली तर पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग घनफळाच्या मानाने मोठा. म्हणून एवढेसे पिल्लू लवकर गारठते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीच्या एका कडेला ठेवावी. फार उकडल्यास त्याला बाजूला सरकता आले पाहिजे.

अन्न म्हणून आम्ही बिनहाडाचे, बिनमसाल्याचे उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा दिले. पोट सुधारल्यावर आठवडाभरात हळूहळू पिल्लांच्या तयार खाद्यावर आणले. कांदा आणि लसूण घातलेले कालवण कधीच देऊ नये. त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पिल्लू चार आठवड्यांच्या आतले असेल तर त्याला दूध लागतेच, पण गाईचे नव्हे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. त्यासाठी मिळणारी खास दुधाची भुकटी पशुवैद्यांना विचारूनच आणावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडल्यास डोळ्यांचा पडदा निकामी होतो हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी मांजर पाळू नये असे नाही. पण तयार खाद्य विकत आणण्याची तयारी असावी. दूधपोळीवर मांजर वाढवणे ही भूतदया नव्हे.

विष्ठेत रक्त, वारंवार उलट्या, अन्नाला तोंड न लावणे, अंग गार पडणे, हिरड्या चिकट किंवा पांढुरक्या दिसणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही थांबू नका. वाट न पाहता दवाखाना गाठा. पिल्लाची घाण रोज काढा आणि नंतर साबणाने हात धुवा, कारण त्या जंतांची बाधा माणसालाही होते. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात कोणी पिल्लू आणल्याचे सांगितले, तर त्याला एक वही करायला सांगा. रोजचे वजन, काय खाल्ले, विष्ठा कशी होती, खेळले की नाही, अशा चार ओळी पुरेत. त्या दिवशी ४८० आणि ४४० हे दोन आकडे माझ्याजवळ नसते, तर ‘जरा मलूल दिसते आहे’ एवढेच म्हणून मी आणखी एक वाटी दूध पुढे केले असते.

ते पिल्लू आता साडेतीन किलोचे मांजर झाले आहे. घरात दूध तापू लागले की अजूनही ते पायात घोटाळते आणि ओरडते. मी देत नाही. त्याला आवडते हे मला ठाऊक आहे, पण त्याला काय सोसते हेही आता मला ठाऊक झाले आहे.