सातबारा, तलाठी आणि मोंगोडीबी

गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी होस्टेलच्या मेसचं खातं ठेवणारा प्रोग्राम केला. पुढे सी शार्पचे विंडोज फॉर्म, मागे मोंगोडीबी. ड्रायव्हर टाकला, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट २७०१७, युजरनेम, पासवर्ड अशी एक ओळ लिहिली आणि पहिल्याच रात्री डेटा जायला लागला. जोडणी झाली म्हणजे प्रोजेक्ट झाला, अशी आमची समजूत!

डॉक्युमेंट डेटाबेस समजायला सोपा. आमच्यातले दोघे निफाड-दिंडोरीचे, त्यांना मी सातबाऱ्यावरून सांगितलं. गटाचे खातेदार, क्षेत्र, इतर हक्क, पीक सगळं एकाच उताऱ्यावर. तसंच विद्यार्थ्याचं नाव, खोली, खाडे, भरलेले पैसे एकाच डॉक्युमेंटमध्ये. चार टेबलं जोडत बसायला नको.

महिनाअखेर हिशेब काढला तर जमा कमी. एरर एकही नाही! शोधता शोधता पहाट झाली. एका फॉर्ममधून रक्कम आकडा म्हणून जात होती, दुसऱ्यातून टेक्स्टबॉक्समधली अक्षरं तशीच. मोंगोडीबीने दोन्ही मुकाट्याने ठेवून घेतली आणि बेरजेच्या वेळी अक्षरांतली रक्कम सोडून दिली. ज्यांनी पैसे भरले, त्यांच्याच नावावर बाकी. मेसवाल्या काकांसमोर काय तोंड दाखवणार?

त्याहून मोठी चूक शेजारच्या रूममधल्या मित्राने दाखवली. आमची एक्झी त्याने आयएलस्पायमध्ये उघडली आणि पासवर्ड समोर! ती एक्झी तोवर पेनड्राइव्हवरून अर्ध्या होस्टेलमध्ये फिरली होती. कोणीही उठून स्वतःची बाकी शून्य करावी.

तेव्हा कळलं, सातबाऱ्याचं उदाहरण मी अर्धंच दिलं होतं. उताऱ्यावर शेतकरी स्वतः पेन चालवत नाही. आधी तलाठ्याकडे फेरफाराची नोंद, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, त्यानंतर उतारा बदलतो. आम्ही तलाठ्याला वगळून दप्तराची किल्लीच वाटत सुटलो होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : जो प्रोग्राम दुसऱ्यांच्या मशीनवर जाणार, त्याने डेटाबेसशी थेट बोलूच नये. मध्ये एक छोटी वेब सर्व्हिस हवी. पासवर्ड तिच्याकडेच राहील. कोण विचारतोय, त्याला अधिकार आहे का, रक्कम आकडाच आहे ना, हे ती तपासेल. शिवाय डेटाबेसलाही नियम घालून देता येतात, ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबीत जेसन स्कीमाची सोय आहे. वॉर्डनच्या ऑफिसातल्या एकाच पीसीवर प्रोग्राम आणि डेटाबेस दोन्ही असतील, तर थेट जोडणी चालेल.

"आपल्या मेसचा डेटा कोण चोरणार?" असं पार्टनर म्हणाला. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो मोंगोडीबी डेटाबेस रिकामे करून खंडणी मागितली गेली. ते इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे होते, एवढंच कारण पुरलं. चोर आधी आत शिरतो, माल कसला ते नंतर बघतो.

मधली सर्व्हिस लिहायला आम्हाला दोन दिवस लागले. पासवर्ड बदलला, हिशेबही जुळला. आता सरांना एकच विनंती. व्हायव्हात "कनेक्ट करून दाखव" असं जरूर म्हणा, पण त्यानंतर "पासवर्ड कुठे ठेवलास?" हेही विचारा. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि मार्क मात्र पूर्ण मिळाले होते!